उद्याही जोडीदार हवा

कुस्तीवरच्या मराठी लेखनात चार नावे हटकून भेटतात : भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. ताकदीवर चालते ती भीमसेनी, डावपेचांवर चालते ती हनुमंती. पकडीत अडकवून समोरच्याला हार मानायला लावते ती जांबुवंती आणि हातपाय मोडण्यापर्यंत जाते ती जरासंधी. पंधरा वर्षांपूर्वी नाशिकच्या एका व्याख्यानात मी शेवटच्या दोन प्रकारांचा हवाला देऊन ठासून सांगितले होते, की जपानी जुजुत्सू म्हणजे आपली जांबुवंती-जरासंधीच. बौद्ध भिक्षूंनी ती तिकडे नेली. टाळ्या भरपूर मिळाल्या. पुरावा म्हणून माझ्याजवळ साम्याखेरीज काही नव्हते, आजही नाही. ते विधान मी इथे मागे घेतो.

माणसाचा कोपर नाशिकमध्ये ज्या बाजूला वळतो, त्याच बाजूला तोक्योमध्येही वळतो. आपली धोबीपछाड आणि ज्युदोतला सेओइ-नागे शेजारी ठेवून पाहिले तर दोन्हींत समोरच्याला पाठीवर घेऊन पुढे आपटायचे असते. एवढ्यावरून कोणी कोणाकडून शिकले हे ठरत नाही. खरी तुलना दुसऱ्या ठिकाणी करायला हवी : लढत कुठे संपते आणि सराव कसा होतो.

आपल्याकडे पाठीला माती लागली की कुस्ती संपली. त्यामुळे पैलवान पालथा राहील, पण उताणा होणार नाही. जुजुत्सूच्या ब्राझीलमध्ये वाढलेल्या शाखेत नेमके उलटे आहे. मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले, त्यांच्याकडून ती विद्या ग्रेसी कुटुंबाकडे आली. या शाखेत उताणे पडलेला गडी हरलेला नसतो. तो पायांच्या वेढ्यात वरच्याला धरून हाताची किंवा गळ्याची पकड शोधत असतो. नियम बदलला की शरीराची भीतीही बदलते.

आता सरावाकडे येऊ. सांधा मोडण्याचा डाव मन लावून घोटायचा, तर मोडायला सांधा कोणाचा आणायचा? जोडीदार एकच, आणि तो उद्याही आखाड्यात यायला हवा. जगातल्या प्रत्येक मल्लविद्येला हा प्रश्न सोडवावा लागला आहे.

जिगोरो कानो यांनी तेनजिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या दोन घराण्यांत शिक्षण घेतले. पहिल्यात आघात, गळा आवळणे आणि सांध्यांच्या पकडी यांवर भर, दुसऱ्यात फेकीवर. १८८२ साली त्यांनी कोदोकान काढले. आघात त्यांनी ठरावीक क्रमाने करायच्या 'काता'त ठेवले. मोकळ्या लढतीत फेकी, दाब आणि पकडी राहिल्या. सांध्यांपैकी पुढे केवळ कोपराची पकड उरली. पकड बसली की खालच्याने हाताने थोपटायचे, वरच्याने तत्क्षणी सोडायचे. धोका काढून टाकल्यामुळेच रोज सारे बळ लावून झुंजता येऊ लागले.

आपल्या मातीने दुसरे उत्तर शोधले आणि ते आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. परंपरा सांगते, की दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान आव्हान घेऊन आले. ते कोठुऱ्याच्या बाळंभट देवधरांनी स्वीकारले, मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली. तिथे मारुतीने त्यांना लाकडी खांबावर विद्या दाखवली. परतल्यावर त्यांनी अलीला हरवले, गुलाबने माघार घेतली.

दृष्टान्त श्रद्धेचा विषय आहे. खांब मात्र तपासता येतो. सागाचा किंवा शिसवाचा, एरंडेल चोळून निसरडा केलेला हा जोडीदार दमत नाही, दुखावत नाही, की थोपटून 'सोड' म्हणत नाही. त्याला मांडीची मिठी आणि हाताची पकड कितीही करकचून घाला. माणसावर जे पूर्ण जोराने करता येत नाही, ते मल्लखांबावर करता येते.

मग जरासंधीचे काय झाले? जरासंध हा भीमाने चिरलेला मल्ल. मोडण्याच्या विद्येला मोडला गेलेल्याचेच नाव मिळाले. रोजच्या कुस्तीत तिला जागा राहिली नाही. आमची जुनी विद्या अधिक घातक होती, असे अभिमानाने म्हणणाऱ्यांत मीही होतो. आता वाटते, की झुंजणाऱ्या जोडीदारावर हजारदा घोटलेली साधी धोबीपछाड वेळेला उपयोगी पडेल. कधीच पुरती न घोटलेला घातक डाव पुस्तकातच राहील.

आमच्या शहरात एकीकडे मल्लखांबावर मुले चढतात, दुसरीकडे गादीवर ज्युदो शिकतात. कोणते मूळ आणि कोणती नक्कल, हे मी आता विचारत नाही. सराव संपल्यावर दोघे जोडीदार धडधाकट घरी जातात का, एवढेच पाहतो.