सिंहलद्वीपाचा वंशग्रंथ व मोडलेले करार

भिन्न वंशांच्या व भाषांच्या प्रजेचें एक सर्वसमावेशक राज्य उभारण्याच्या आड काय येतें, या प्रश्नास ‘पूर्वापार वैर’ असें उत्तर बहुधा दिलें जातें. सिंहलद्वीप ऊर्फ श्रीलंका येथें तर या वैरास महावंस या पाली ग्रंथाचा आधार दाखविण्यांत येतो. तो आधार कितपत टिकतो व खरा अडथळा कोणता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

महावंसाची रचना इ. स. च्या ५ व्या-६ व्या शतकांतील. त्यांत वर्णिलेलें दुट्ठगामणी व एळार यांचें युद्ध इ. स. पूर्व २ ऱ्या शतकांतील. सहाशेंहून अधिक वर्षांच्या या अंतराच्या मानानेंच ग्रंथाचें प्रामाण्य धरिलें पाहिजे. शिवाय चोलदेशाहून आलेल्या एळारानें ४४ वर्षें राज्य करून न्यायदानांत शत्रुमित्रभेद केला नाहीं, असें ग्रंथकारच सांगतो. विजेत्यानें त्याचा अंत्यसंस्कार सन्मानानें केला व त्या स्थळाजवळ येतांच राजे वाद्यें थांबवीत, हेंही त्यांतच आहे. युद्धाचा अध्याय तेवढा पाठ करणारे हीं पानें वाचीत नाहींत.

दुसरा पुरावा कँडीचा. १७३९ सालीं तेथील सिंहासन दक्षिण भारतांतील नायक्कर घराण्याकडे गेलें. त्यांतील कीर्तिश्री राजसिंह (१७४७–१७८२) यानें १७५३ सालीं सयामहून भिक्षु आणवून लोपलेली उपसंपदा पुनः सुरू केली. त्याच्याविरुद्ध १७६० सालीं कट झाला हें खरें. तथापि महावंसाची पुरवणी त्याच्याच कारकीर्दींत रचली गेली व तींत तो धर्मरक्षक म्हणून गौरविला गेला.

तेव्हां अडथळा ग्रंथांत नाहीं. तो अलीकडच्या राजकारणांत शोधिला पाहिजे. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें चहामळ्यांतील बहुतेक तमिळ मजूर बाहेर राहिले. १९५६ सालीं सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. २६ जुलै १९५७ रोजीं बंडारनायके व चेल्वनायकम् यांनीं प्रादेशिक मंडळांचा करार केला. विरोधी पक्षानें त्याविरुद्ध पदयात्रा काढली, भिक्षूंनीं पंतप्रधानांच्या दारीं धरणें धरिलें, आणि एप्रिल १९५८ मध्यें करार रद्द झाला. पुढें १९६५ सालीं त्याच विरोधी पक्षाचे डडली सेनानायके सत्तेवर येऊन जिल्हामंडळें देण्यास निघाले. त्या वेळीं बंडारनायक्यांचा पक्ष आडवा आला व १९६८ सालीं तेंही वचन सोडण्यांत आलें. सत्तेवरील पक्षानें द्यावें व विरोधकांनीं तें देऊं नये, हा क्रम उभयतांनीं आळीपाळीनें चालविला.

१९७२ च्या घटनेनें अल्पसंख्याकांस संरक्षण देणारें जुनें २९ वें कलम गेलें. ३१ मे १९८१ च्या रात्रीं जाफन्याचें ग्रंथालय जाळण्यांत आलें. सुमारें ९७,००० ग्रंथ व ताडपत्री पोथ्या नष्ट झाल्या. पोथ्या जमविणारांस या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. प्रतिपक्षही निर्दोष नव्हता : ऑक्टोबर १९९० मध्यें तमिळ वाघांनीं उत्तर प्रांतांतून मुसलमानांस हांकून लाविलें.

१९८७ च्या १३ व्या घटनादुरुस्तीनें प्रांतिक मंडळें आलीं, तमिळही राजभाषा झाली. मे २००९ मध्यें युद्ध संपलें. परंतु जमीन व पोलीस यांविषयींचे प्रांतांचे अधिकार कागदावर असूनही पूर्णपणें हातीं आले नाहींत.

तात्पर्य, वंशग्रंथ ही मालकीची सनद नव्हे, आणि लिहून दिलेली सनद पाळली नाहीं तर ती घेणारा पुढें कागद मागत नाहीं, शस्त्र धरितो.