सैनिक जोडीदारापासून घटस्फोट व पोटगी (भारत)

सैनिक जोडीदारापासून घटस्फोट व पोटगी हा भारतीय कौटुंबिक कायदा आणि सैनिकी कायदा यांच्या सीमेवरील विषय आहे. नोकरीनिमित्त दीर्घकाळ दूर असलेला आणि घरखर्चासाठी पैसे न पाठवणारा सैनिक पती असल्यास पत्नीला उपलब्ध असणारे उपाय, हा या विषयाचा मुख्य भाग होय. घटस्फोटाचा निर्णय दिवाणी अथवा कौटुंबिक न्यायालयच देते. लष्कराला तो अधिकार नाही. पोटगीची वसुली मात्र बऱ्याच अंशी लष्करी यंत्रणेवर अवलंबून असते.

अनुपस्थिती आणि परित्याग

सीमेवर किंवा दूरच्या ठाण्यावर नेमणूक असल्याने पती घरी नसणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने परित्याग नव्हे. बिपिनचंद्र जयसिंगभाई शाह विरुद्ध प्रभावती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये स्पष्ट केले, की परित्याग सिद्ध होण्यासाठी प्रत्यक्ष विभक्त राहणे आणि सहजीवन कायमचे संपवण्याचा हेतू या दोन्ही गोष्टी लागतात. सैनिकाच्या बाबतीत पहिली गोष्ट बहुधा नोकरीमुळेच घडलेली असते, म्हणून सारा वाद दुसरीभोवती फिरतो. रजा मिळूनही घरी न येणे, पत्रांना व फोनला उत्तर न देणे, पैसे थांबवणे यांवरून हा हेतू दाखवावा लागतो.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 13 नुसार अर्जापूर्वी सलग किमान दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचे कारण आहे. 1976 च्या दुरुस्तीने ते घटस्फोटासाठी लागू झाले. कलमाच्या स्पष्टीकरणात परित्यागामध्ये जोडीदाराकडे जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाचाही समावेश आहे, आणि अशा दाव्यांत हा भाग विशेष उपयोगी पडतो. मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, 1939 मध्ये तर पतीने दोन वर्षे निर्वाहाची तरतूद न करणे हेच स्वतंत्र कारण आहे. त्याचा ठावठिकाणा चार वर्षे न लागणे हे दुसरे.

वेतनातून कपात

सेना अधिनियम, 1950 च्या कलम 28 नुसार सैनिकाचे वेतन व भत्ते दिवाणी न्यायालयाच्या आदेशाने जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्येही हीच सूट आहे. हे संरक्षण सावकारी व इतर देण्यांपासून असले, तरी त्याची झळ पत्नीलाही बसू शकते. त्याची भरपाई त्याच अधिनियमाची कलमे 90 व 91 करतात. अधिकाऱ्यांसाठी कलम 90 आणि इतर सैनिकांसाठी कलम 91 असून, पत्नी व अपत्ये (औरस तसेच अनौरस) यांच्या निर्वाहासाठी केंद्र शासन अथवा विहित अधिकारी वेतनातून कपातीचा आदेश देऊ शकतो. यासाठी घटस्फोटाचा दावा दाखल असणे आवश्यक नाही.

पत्नी आपला अर्ज पतीच्या कमांडिंग ऑफिसरकडे करते. पतीला कारणे दाखवा नोटीस दिली जाते आणि त्याचे म्हणणे विचारात घेऊन वरिष्ठ विहित अधिकारी निर्णय देतो. 2001 च्या सेना आदेशानुसार पत्नीसाठी वेतन व भत्त्यांच्या कमाल 22 टक्के, प्रत्येक अपत्यासाठी 5.5 टक्के आणि एकूण 33 टक्के ही मर्यादा आहे. पतीचे युनिट ठाऊक नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय गाठावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे असे कार्यालय बेळगावात आहे. कपातीच्या आदेशाला सशस्त्र सेना न्यायाधिकरणात आव्हान देता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

न्यायालयीन पोटगी

दावा चालू असताना हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत हा अर्ज निकाली काढावा, असे कलमातच म्हटले आहे. व्यवहारात तसे क्वचितच घडते. हा हक्क पती-पत्नी दोघांनाही आहे, त्यामुळे सैन्यातील स्त्री अधिकाऱ्याचा पतीही तो मागू शकतो. कायम पोटगी कलम 25 खाली मिळते. धर्म कोणताही असो, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येत असे. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्यास सांगितले.

दाव्याची प्रक्रिया

2003 च्या दुरुस्तीमुळे पत्नीला आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. सैनिकाला समन्स थेट न बजावता त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत पाठवले जाते. पती युद्धजन्य अथवा विशेष परिस्थितीत सेवेत असल्यास भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, 1925 नुसार कामकाज तहकूब होऊ शकते आणि त्या काळात झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्दही करून घेता येतो. शांततेच्या ठाण्यावरील साध्या नेमणुकीला हे संरक्षण आपोआप मिळत नाही.

घटस्फोटानंतर

कलम 90 व 91 मध्ये ‘पत्नी’ व ‘अपत्य’ असेच शब्द असल्याने घटस्फोटानंतर स्त्रीचा स्वतःचा दावा न्यायालयाच्या पोटगी आदेशावर उभा राहतो. पतीच्या मृत्यूनंतरच्या कुटुंब निवृत्तिवेतनावरील तिचा हक्कही संपतो. अपत्यांचा हक्क मात्र आई-वडिलांच्या घटस्फोटाने जात नाही.