बीडची रुमी टोपी कुठे गेली?

हैदराबाद संस्थानातल्या शाळा-कचेऱ्यांचे जुने ग्रुप फोटो पाहा. बहुतेक मंडळी गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शेरवानीत दिसतात. त्यात हिंदू कोण आणि मुसलमान कोण, हे नुसत्या अंगरख्यावरून सांगणं अवघड आहे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात हिंदू विद्यार्थीही शेरवानी घालत. बीड संस्थानातलाच जिल्हा, म्हणून इथले वकील, अंमलदार, मास्तर यांचाही तोच थाट. खेड्यातला मुसलमान शेतकरी मात्र धोतर नेसायचा, डोक्याला मुंडासं बांधायचा आणि त्याची बायको लुगड्यात असायची. म्हणजे शेरवानी ही मजहबची कमी आणि नोकरी-इभ्रतीची खूण जास्त.

रुमी टोपीचं थोडं वेगळं. लाल नमद्याची, काळ्या गोंड्याची ही टोपी तुर्कस्तानची. सर सय्यद यांच्या अलीगढमुळे ती हिंदुस्थानी शिक्षित मुसलमानांच्या डोक्यावर आली. गंमत अशी की १९२५ साली केमाल पाशाने कायदा करून खुद्द तुर्कस्तानात ती बंद केली. तिथे ती घालणं गुन्हा झाला आणि आपल्याकडे निजाम मीर उस्मान अली खान तीच घालत राहिले.

दुसऱ्या महायुद्धाने पहिला फटका दिला तो कापडाला. १९४३ पासून देशभर कापडावर कंट्रोल आला आणि युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही. आमच्या घरातले बुजुर्ग सांगत, की जुनी शेरवानी उसवायची, कापडाची आतली बाजू वर घ्यायची आणि पुन्हा शिवायची. ईदला तीच ‘नवी’.

पण शेरवानी गेली ती महागाईने नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. त्याआधी रझाकारांच्या दहशतीत गांधी टोपी घालणं जिवावरचं काम होतं. आता पारडं फिरलं. रझाकारांचा गणवेश खाकी होता, पण संशय आला तो शेरवानी, रुमी टोपी आणि दाढीवर. पंडित सुंदरलाल समितीने पोलीस ॲक्शनच्या काळातल्या आणि नंतरच्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या आठ जिल्ह्यांत तिने बीडचंही नाव घेतलं आहे. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकाच हा आकडाही आपल्या इतिहासाचा भाग आहे. अशा दिवसांत माणूस आरशात फॅशन बघत नाही. टोप्या पेटीच्या तळाशी गेल्या. एरवी पोशाख बदलायला पिढी जाते, इथे काही आठवडे पुरले.

पुढे कचेरीतली उर्दू गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. शेरवानीची सरकारदरबारी गरजच उरली नाही. सदरा-पायजमा आला, मग शर्ट-पँट, मग न चुरगळणारं टेरिलीन.

या काळात पोरांनी डोक्यावर टोपीऐवजी केस मिरवले. कपाळावर रुळणारी दिलीपकुमारची बट किंवा देव आनंदचा फुगा. पेशावरच्या युसुफ खानने दिलीप नाव घेतलं आणि त्याची बट राम-रहीम दोघांनी घेतली. न्हाव्याच्या खुर्चीत धर्म विचारला जात नव्हता, हे मला त्या दशकाचं मोठं उपकार वाटतं. मुलींना हे स्वातंत्र्य उशिरा मिळालं. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मुळे साधना कट देशभर गाजला, पण पदर किंवा ओढणीखालची बट बघणार कोण?

शेरवानी आता परत आली आहे. लग्नसराईत ती भाड्याने मिळते, नवरदेव देशमुख असो की शेख. रुमी टोपी मात्र उर्दू शाळेच्या स्नेहसंमेलनातच दिसते. लाल पुठ्ठ्याची असते, गोंडा लोकरीचा.