एकटा ध्रुव : एका न सापडलेल्या कणाचा इतिहास

लोहचुंबकाचे दोन तुकडे केले तर एका हातात उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या हातात दक्षिण ध्रुव येतो काय? नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतात. पीटर पेरेग्रिनस या फ्रेंच विद्वानाने ही गोष्ट १२६९ साली लिहून ठेवली. धन आणि ऋण विद्युतभार वेगवेगळे राहू शकतात, मग चुंबकाचा ध्रुव एकटा का राहू नये?

१९३१ साली केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. विद्युतभार नेहमी ठराविक मापाच्या पटीतच का आढळतो, हे कोडे होते. विश्वात एक जरी 'एकध्रुव' असेल तर हे कोडे सुटते, असे त्यांनी गणिताने दाखविले.

पुढे निसर्गातील निरनिराळी बले मुळात एकच असावीत, या विचाराने जोर धरला. लाहोर व केंब्रिज येथे शिकलेले प्रा. अब्दुस सलाम यांनी ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्यासह विद्युतचुंबकीय व क्षीण बलांच्या एकीकरणासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्याआधीच सलाम आणि ओरिसात जन्मलेले जोगेश पती यांनी त्यापुढील एकीकरणाची मांडणी केली होती. १९७४ मध्ये हॉलंडचे 'ट हूफ्ट आणि रशियाचे पॉलिकॉव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, विद्युतचुंबकीय बल अशा एका मोठ्या व्यवस्थेतून उपजले असेल, तर एकध्रुव टाळताच येत नाही. मात्र महाएकीकरणाच्या सिद्धान्तांत तो प्रोटॉनच्या सुमारे एकावर सोळा शून्ये इतका पट जड ठरतो. कोणत्याही यंत्रात तो निर्माण होणे शक्य नाही. विश्वाच्या आरंभी जन्मलेला एखादा आला, तर तो पकडावयाचा, एवढेच हाती उरते.

१४ फेब्रुवारी १९८२ रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्लास कॅब्रेरा यांच्या अतिशीत तारेच्या वेटोळ्यात विजेचा प्रवाह एकदम बदलला. बदल अगदी डिरॅक यांच्या हिशेबाइतका होता! जगभर खळबळ उडाली. तथापि त्याहून मोठ्या यंत्रांनी वर्षानुवर्षे वाट पाहूनही तसा संकेत पुन्हा मिळाला नाही. म्हणून शोध लागला, असे कोणी मानले नाही.

आपल्या देशातही हा शोध झाला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे व जपानचे शास्त्रज्ञ प्रोटॉनच्या ऱ्हासाचा मागोवा घेत होते. त्याच उपकरणांनी एकध्रुवाचाही शोध घेतला. एकध्रुव आढळला नाही. प्रोटॉनच्या ऱ्हासाच्या वाटणाऱ्या काही खुणा दिसल्या, पण अमेरिका व जपानमधील मोठ्या प्रयोगांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. इटलीतील ग्रान सासो डोंगराखालच्या 'मॅक्रो' प्रयोगानेही २००० सालापर्यंत शोध घेतला. तोही रिकाम्या हाती परतला.

मग हे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. एकध्रुव असलेच तर किती विरळ असले पाहिजेत, हे ठरविण्यास या प्रयोगांनी हातभार लावला. सिद्धान्ताप्रमाणे तर ते विपुल असावयास हवे होते. ही विसंगती सोडविताना अ‍ॅलन गुथ यांना, विश्व आरंभी क्षणार्धात प्रचंड फुगले असावे, ही कल्पना सुचली आणि १९८१ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत 'आढळले नाही' असे लिहावे लागले तर संकोच बाळगू नका. आणि पालकांनीही मुलांच्या अशा प्रामाणिक नोंदीचे कौतुक करावे. कॅब्रेरांचा एक संकेत आणि कोलारच्या थोड्या खुणा कितीही मोहक असल्या, तरी पुन्हा पडताळा येईपर्यंत विज्ञान थांबते. एकध्रुवाचा शोध अजून चालू आहे.