रविवारची सुट्टी, सोमवारचा दम

कर्मचाऱ्यांचं आरोग्य म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे वार्षिक तपासणी, ऑफिसातला योगाचा वर्ग किंवा समुपदेशकाचा फोन नंबर येतो. कंपनीने आपल्या माणसांसाठी केलेली एक चांगली गोष्ट, असा त्याचा सूर असतो. या व्याख्यानात आपण थोडं मागे जाऊन मुंबईच्या कापड गिरण्यांकडे बघणार आहोत. सोबत एकच प्रश्न ठेवू या : कामाने शरीराची जी झीज होते, तिचा खर्च कोणाच्या वहीत मांडायचा?

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे पाळी म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मुंबईत जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला अकरा तासांचा. म्हणजे उन्हाळ्यात, अंगाची जास्तीत जास्त लाही होत असताना, कामही जास्तीत जास्त. याला आळा घालण्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ साली विधेयकाचा मसुदा केला होता. पण कायदा आला तो १८८१ साली, आणि त्यामागे केवळ करुणा नव्हती. मुंबईचा माल स्वस्त पडतो, ही लँकेशायरच्या गिरणीमालकांची तक्रार होती. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोधच केला. आगरकरांच्या प्रभावाखालचं ‘मराठा’ कामगारांच्या बाजूने बोललं, हा अपवाद. विलायतेतला स्पर्धक आपल्या मजुराचा कळवळा दाखवतोय आणि देशी पुढारी तो नाकारताहेत, असं ते विचित्र चित्र होतं. कायदा तरी काय होता? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले. १८८४ साली सरकारने कारखान्यांसाठी दुसरा आयोग नेमला, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या सावकाश वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी : कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि माणूस जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज.

शाळेच्या पुस्तकात लोखंडे भेटतात ते रविवारच्या सुट्टीपुरते. आम्हाला विचाराल तर त्या कागदावरची सगळ्यात पुढची मागणी ही पाचवी होती. जखम हे कामगाराचं नशीब नाही, तो धंद्याचा खर्च आहे, असं ती सांगते. तिला कायद्याचं रूप यायला १९२३ उजाडावं लागलं, म्हणजे एकोणचाळीस वर्षं.

रविवारचंही सोपं नव्हतं. गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला, साफ करायला माणसांना बोलावलं जायचंच. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची अर्धा तास विश्रांती आली, बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास पुन्हा तसेच मोकळे राहिले, आणि १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागल्यावर ते चौदा-पंधरावर गेले. दिव्याने रात्रीचा दिवस केला, शब्दशः. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली १९११ मध्ये.

मध्येच एक गोष्ट सांगायला हवी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कामगार कोकणात, घाटावर, आपापल्या गावी पळाले. गिरण्यांना माणूस मिळेना. रोजच्या रोज मजुरी चुकती होऊ लागली, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी लिलावासारख्या बोली लागल्या. हात कमी पडले की हाताची किंमत कळते, ती अशी. लोखंडे स्वतः प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करत होते. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले.

आता बाळंतपणाकडे येऊ. वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. तान्हं मूल घरी ठेवून जायचं तर ते दिवसभर झोपलेलं बरं, म्हणून त्याला बाळगोळी दिली जायची. बाळगोळीत अफू असे. त्या आयांना आज नावं ठेवणं सोपं आहे. पाळणाघर नाही, सुट्टी नाही, आणि घरी बसलं तर जागा जाते, अशा बाईपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे आधी विचारायला हवं. ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबई प्रांताच्या विधिमंडळात असंच विधेयक आलं, आणि जुलै १९२८ मध्ये त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुढचा मुद्दा मात्र सहसा सांगितला जात नाही. हित राष्ट्राचं असेल तर या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं ते म्हणाले. मालकाला बाईच्या कामाचा फायदा मिळतो, म्हणून त्यानेही काही भार उचलावा, पण तो एकट्यावर नको.

१९२९ चा मुंबईचा प्रसूती कायदा झाला, देशातला पहिला. त्यात सगळा खर्च मालकावर टाकला होता. त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. याला एकच कारण नव्हतं. नवी यंत्रं आली, रॅशनलायझेशन आलं, दोन-तीन पाळ्या सुरू झाल्या आणि बायकांना रात्रपाळी मना होती. पण भत्ता द्यावा लागेल अशी बाई ठेवायचीच कशाला, हा हिशेबही त्यात होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, तेव्हाही हाच पेच उभा राहिला. २०१७ मध्ये प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली. जिथे विम्याचं छत्र नाही, तिथे तो पगार आजही मालकच देतो. नोकरीच्या मुलाखतीत “लग्न केव्हा करणार?” हा प्रश्न का येतो, याचं एक उत्तर इथे सापडतं.

यातून वाट काढण्याचा विचार झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम आलं, १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये त्यावरून राज्य विमा कायदा झाला. मालकाने थोडं द्यायचं, कामगाराने थोडं द्यायचं, सगळ्यांचं एका ठिकाणी जमा करायचं आणि आजारपण, बाळंतपण, अपघात त्यातून भागवायचे. अमुक एका बाईचं बाळंतपण मग अमुक एका मालकाच्या अंगावर येत नाही. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, १९५४ मध्ये ही योजना मुंबईला आली. परळचं महात्मा गांधी रुग्णालय हे याच योजनेचं. तिथल्या रांगा, औषधांची टंचाई, अर्जांवरचे शिक्के यांच्या तक्रारी कोणत्याही गिरणगावकराकडे भरपूर सापडतील आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्या आहेत. तरीही मालकाच्या मर्जीवरचा दवाखाना आणि हक्काचा दवाखाना यात फरक आहेच.

राहिली धूळ. गिरणीत कापसाच्या गाठी फुटतात त्या ब्लोरूममध्ये, मग कार्डिंग खातं. या दोन खात्यांत हवेत इतका कापूस तरंगतो की माणूस बाहेर पडला की भुवया पांढऱ्या. ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची सुरुवात ओळखण्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, दम लागतो. मंगळवारी बरं वाटतं, बुधवारी माणूस विसरून जातो. पुढे मंगळवारही जड जातो, आणि शेवटी सगळेच वार सारखे. म्हणजे लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारमुळेच सोमवारचा हा दम वेगळा दिसू शकला. सुट्टीच नसती तर खूणही नसती.

खूण होती, तरी ती वाचली गेली उशिरा. सुरुवातीच्या काळात एक्स-रेवर या आजाराचं स्वतःचं असं काही दिसत नाही. डॉक्टरसमोर उभा असतो खोकणारा, बहुधा बिडी ओढणारा, दाटीवाटीच्या चाळीत राहणारा माणूस. मग कागदावर दमा लागतो, ब्राँकायटिस लागतो, क्षय लागतो. तुटलेलं बोट मोजता येतं, आणि ते कुठे तुटलं यावर वाद होत नाही. फुप्फुसाचं तसं नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात धंद्याने होणाऱ्या रोगांची छोटी यादी होती, शिशाची विषबाधा वगैरे. कापसाची धूळ तीत नव्हती. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची तपासणी करून या आजाराची रीतसर नोंद केली, आणि त्यांचा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

साल लक्षात घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले कित्येक परत कामावर गेलेच नाहीत, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. बिसिनोसिस आज भरपाईच्या अनुसूचीत आहे. पण तो मागायचा तर कोणत्या खात्यात किती वर्षं काम केलं, हे दाखवावं लागतं. हजेरीची पुस्तकं गिरणीच्या ऑफिसात होती, आणि त्या गिरण्यांच्या जागेवर आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. त्यांतल्या ऑफिसांत दरवर्षी कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी होते. तिथे साफसफाई करणारी माणसं कंत्राटदाराची असतात, त्यामुळे त्या तपासणीच्या यादीत त्यांची नावं बहुधा नसतात.