वाघबारशीचा वाघ, उसातला बिबट्या

आश्विन वद्य द्वादशीला मराठी मुलखात गाय-वासराची पूजा होते, ती वसुबारस. त्याच दिवशी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डांगाणात वाघबारस असते. डांगाण म्हणजे हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाईच्या कुशीतली महादेव कोळी आणि ठाकरांची गावं. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, दूध, गूळ गोळा करतात आणि शिवेवरच्या वाघोबापाशी जमतात. वाघोबा म्हणजे कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे लाकडी फळी. तिच्यावर वाघ कोरलेला, सोबत सूर्य-चंद्र, एखाद्या ठिकाणी नाग. खीर शिजते, नारळ फुटतो. मग पोरांतलाच एक जण वाघ होतो, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीचे त्यांच्यामागे धावत सुटतात, वाघाला धरतात आणि विचारतात, आमच्या शिवारात परत येशील का? वाघ हात जोडून सांगतो, नाही येणार.

पट्टेरी वाघ आज या डोंगरांत राहत नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला ही पूजा म्हणजे नसलेल्या जनावराची जुनी आठवण वाटते. गुराख्यानं रात्री ‘वाघ’ बघितल्याचं सांगितलं, की तेही दंतकथेत जमा होतं. यातली निम्मी गफलत शब्दाची आहे. गावच्या बोलीत पट्ट्यांचा तोही वाघ आणि ठिपक्यांचा तोही वाघच. सांगणारा बिबट्याबद्दल बोलत असतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पट्टे असतात.

उरलेली निम्मी गफलत जास्त महागात पडली. बिबट्या हा जंगलातला प्राणी, तो शेतात दिसला म्हणजे वाट चुकून आला, असं अनेक वर्षं सगळेच धरून चालले होते. पण या डोंगरांखालचं प्रवरा नदीचं खोरं दरम्यानच्या काळात पार बदललं होतं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्यांचं पाणी खाली पोचलं. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नदीच्या दोन्ही अंगांनी ऊस पसरत गेला. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो. आत दाट सावली, शेजारी पाटाचं पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला याहून चांगली जागा डोंगरातही मिळाली नसती. ‘उसात बिबट्या राहतो’ असं शेतकरी सांगत होते. ऐकणारे मात्र ‘उसात बिबट्या आला’ असंच ऐकत होते.

‘राहतो’ आणि ‘आला’ या दोन क्रियापदांमधल्या फरकाची किंमत शेजारच्या जुन्नर भागात मोजावी लागली. आलेला पाहुणा घरी पोचवावा, तसे फेब्रुवारी २००१ पासून शेतातले बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. एकूण २९ बिबटे हलवले गेले. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. ‘वनखातंच बिबटे आणून सोडतं’ ही अफवा आजही गावोगाव ऐकू येते आणि अधिकारी ती झटकून टाकतात. ती अफवा हवेतून उगवली नव्हती, तिच्या बुडाशी अशी पिंजऱ्यांची खरी ये-जा होती. अफवा खोटी ठरवण्याआधी ती कशावर उगवली हे बघायला हवं होतं.

बिबट्या ‘राहतो’ की ‘आला’, हे तपासण्याचं काम अकोले तालुक्यात झालं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगल सोडून सुमारे १८० चौरस किलोमीटरच्या शेतीपट्ट्यातच कॅमेरे लावले. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा, मधून जनावर गेलं की फोटो. कोणत्याही दोन बिबट्यांच्या अंगावरचे ठिपके सारखे नसतात, म्हणून फोटो ताडून एकेक जनावर वेगळं ओळखता येतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की दर १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसं या शेतांत वावरतात. आणि हा मुलूख असा, जिथे चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात. विष्ठा तपासल्यावर बिबट्याच्या पोटात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वाट चुकलेलं कुणी नव्हतंच.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ साली एक थोराड नर विहिरीतून बाहेर काढण्यात आला. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. हा आजोबा महिन्याभरात शंभरावर किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत महामार्ग आले, वस्त्या आल्या, खाडी आली. हेच एखाद्या म्हाताऱ्यानं वाघोबापाशी बसून सांगितलं असतं, तर कुणी मानलं नसतं. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेनं तो मेला आणि अंगातल्या चिपमुळे ओळखला गेला.

म्हणून रानातली प्रत्येक गोष्ट खरी मानायची का? मुळीच नाही. मांडुळाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. या गरीब, बिनविषारी सापाचं शेपूट बोथट, तोंडासारखं दिसणारं. तेवढ्यावरून तो ‘दुतोंड्या’ झाला, गुप्तधन दाखवणारा झाला, आणि लाखोंच्या आशेनं त्याची चोरटी विक्री सुरू झाली. त्याला दुसरं तोंड नसतं, हे त्याला हातात धरणाऱ्या कुणालाही दिसतं. धन तर आजवर कुणालाच दिसलेलं नाही. इथे शंका घेणं हीच त्या जिवावर दया आहे.

चकव्याचं तसं नाही. रात्री रानात चकवा लागतो, माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो, असं सांगणारे डांगाणात आणि सगळ्या सह्याद्रीत भेटतात. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की नकळत वळत आपल्याच वाटेवर परत येऊ लागली. चकवा नावाचं भूत तिथे नव्हतं. पण त्याच झाडाखाली परतलेला माणूस खोटं बोलत नव्हता.

पुरावासुद्धा फसवतो, हे महाराष्ट्रानं वनपिंगळ्याच्या बाबतीत पाहिलं. या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहेगन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं आपण १९१४ साली गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला. तो नमुना म्हणजे जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेल्या जुन्या नमुन्यांपैकी चोरलेला एक पक्षी होता. पामेला रासमुसेन यांनी हा बनाव ओळखला, त्याचं ठिकाण यादीतून काढलं आणि खऱ्या जुन्या जागा शोधल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ वनपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. एका नमुन्यावर संशय घेतला म्हणून पक्षी सापडला, आणि तो अजून असेल हे मनात धरलं होतं म्हणून त्या तिथवर गेल्या.

उसाच्या फडात ही पारख दर हंगामाला होते. कोयता चालता चालता मुळ्यांशी दोन-तीन पिलं दिसतात आणि फडभर ओरड होते, बिबट्या! काम थांबतं. जाणता माणूस वाकून बघतो. ती बऱ्याचदा वाघाटीची पिलं निघतात. वाघाटी म्हणजे जगातलं सर्वांत लहान रानमांजर, पूर्ण वाढलेली मादी जेमतेम किलोभर भरते. पिलं क्रेटमध्ये ठेवून जिथे सापडली तिथेच बांधावर ठेवतात आणि माणसं मागे सरतात. अंधार पडल्यावर आई येते, क्रेटभोवती फिरते, आणि एकेकाला मानेला धरून शेजारच्या उभ्या उसात घेऊन जाते.