जो आणि तो

सरकारी नोकरीच्या निमित्ताने जयपूरला राहावयास आलो, तेव्हा हिंदी येत असल्याने भाषेची अडचण पडणार नाही अशी माझी समजूत होती. कचेरीत ती खरीही ठरली. पण परकोटाच्या आतील बाजारांत आणि आसपासच्या खेड्यांत जी बोली कानांवर पडू लागली, ती शाळेत शिकलेली हिंदी नव्हती. ती ढूंढाडी, म्हणजेच जयपुरी. ‘आहे’ या अर्थी तिच्यात ‘छै’ म्हणतात, त्यामुळे ती ऐकताना गुजरातीची आठवण होते. शब्दांचा हा परकेपणा चार महिन्यांत सरला. मला चकवले ते एका लहानशा शब्दाने. तो शब्द ‘जद’.

एका शेतकऱ्यावर विनापरवाना झाड तोडल्याचा आरोप होता. त्याचा जबाब हिंदीत उतरवून माझ्यासमोर आला. ‘जेव्हा झाड तोडले, तेव्हा परवानगी मिळाली’ अशा अर्थाचे वाक्य त्यात होते. म्हणजे कुऱ्हाड आधी आणि कागद मागून! दंड करण्यास एवढे पुरेसे होते. पण तो गृहस्थ हात जोडून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. अखेर दाराशी उभा असलेला म्हातारा चपराशी पुढे झाला आणि म्हणाला, “साहेब, हा तसे म्हणत नाही. परवानगी मिळाली, मग झाड तोडले, असे म्हणतो आहे.” शेतकऱ्याचे शब्द होते, ‘परवानगी मिळाली, जद झाड तोडले.’ लिहिणाऱ्याने ‘जद’ म्हणजे हिंदीतील ‘जब’, असे धरून वाक्याची उलटापालट केली होती. परवानगीच्या कागदावरील तारीख पाहिली. ती झाड तोडण्यापूर्वीची होती. एका शब्दाच्या अर्थापायी निरपराध मनुष्य अपराधी ठरत होता.

जिज्ञासेने जुनी पुस्तके चाळली. जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने रेव्हरंड मॅकॅलिस्टर या मिशनऱ्याने गोळा केले व १८९८ साली अलाहाबादेस छापले. पुढे ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीचा राजस्थानी व गुजराती यांना वाहिलेला खंड १९०८ साली प्रसिद्ध केला. राजस्थानी बोलींत संबंधी सर्वनाम पुष्कळदा दर्शक सर्वनामासारखे वापरले जाते, हे त्यांनी नमूद केले आहे. ‘जो’ म्हणावयाचे आणि ‘तो’ असा अर्थ घ्यावयाचा. ‘जेव्हा’च्या रूपाने ‘तेव्हा’ सांगावयाचे. शेतकऱ्याची भाषा अशुद्ध नव्हती. तिचा नियम आम्हांस ठाऊक नव्हता, इतकेच.

आपल्या मराठीत ‘जो’ आणि ‘तो’ ही जोडी संस्कृतातील ‘यः’ आणि ‘सः’ यांच्यापासून चालत आलेली आहे. ‘जो मनुष्य काल आला होता, तो माझा मामा’ असे आपण म्हणतो. परंतु घरात बोलताना आपण बहुधा ‘काल आलेला मनुष्य माझा मामा’ असेच म्हणून मोकळे होतो. ‘आलेला’, ‘येणारा’, ‘यायचा’ ही धातुसाधिते एका अख्ख्या वाक्याचे काम करतात. कन्नड, तमिळ, तेलुगू या आपल्या दक्षिणेकडील भाषांचाही हाच आवडता मार्ग आहे. याउलट आम्ही सरकारी माणसे मसुदा लिहावयास बसलो की ‘अशी व्यक्ती, की जिने’ असे इंग्रजी वळण लेखणीतून आपोआप उतरते. एकाच मराठी माणसाच्या तोंडी संबंधी वाक्याच्या अशा तीन तऱ्हा नांदतात. प्रसंग बदलला की तऱ्हा बदलते.

शेजार बदलला म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर कर्नाटकातील सारस्वतांची कोंकणी ऐकावी. ही मंडळी गोव्याकडून दक्षिणेस गेली आणि पिढ्यान् पिढ्या कन्नड भाषकांत राहिली. त्यांच्या कोंकणीवर मंगेश नाडकर्णी यांनी १९७५ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या बोलीत जुन्या ‘जो’च्या जागी प्रश्नार्थक ‘खंचो’, म्हणजे ‘कोणता’, हा शब्द येऊन बसला आहे आणि वाक्याच्या शेवटी ‘की’ लागतो. ‘कोणता मुलगा काल आला की, तो माझा भाचा’ अशा धर्तीची ती रचना. कन्नडमध्येही असेच ‘याव’ या प्रश्नार्थक शब्दाने वाक्य सुरू होते आणि शेवटी ‘ओ’ लागतो. शब्द कोंकणीचे राहिले, पण वाक्याचा सांगाडा कन्नडचा झाला. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी गम्पर्ज आणि विल्सन या संशोधकांना असेच आढळले. कन्नड, मराठी आणि उर्दू तेथे इतक्या जवळ आल्या होत्या, की एकीतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. त्यांचा निबंध १९७१ सालचा आहे. घरोघर आपापली भाषा टिकली. सलोखा झाला तो व्याकरणात.

कोणी म्हणेल, हा तर भाषेचा भ्रष्टाकार. अशा वेळी मी इंग्रजीकडे बोट दाखवतो. आज ज्या ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांना आपण शिष्ट मानतो, ते मूळचे प्रश्नार्थक शब्द होत. ‘कोण?’ आणि ‘कोणता?’ विचारणारे हे शब्द मध्ययुगात ‘जो’चे काम करू लागले. ‘दॅट’ हा मूळचा दर्शक शब्द, आपल्या ‘ते’सारखा, तोही संबंधी झाला. इंग्लंडच्या अनेक बोलींत सामान्य माणूस याच ठिकाणी ‘व्हॉट’ म्हणतो, कोठे ‘अ‍ॅज’ म्हणतात, तर स्कॉटलंडात ‘अ‍ॅट’ ऐकू येते. यांतील ‘व्हॉट’ला पंतोजी हसतात, पण तो ज्या वाटेने आला, त्याच वाटेने ‘हू’ही आलेला आहे. कर्नाटकातील कोंकणीने जे केले, ते लंडनच्या इंग्रजीने आधीच करून ठेवले होते. इंग्रजीत ‘तो’चा ‘जो’ झाला, जयपुरीत ‘जो’चा ‘तो’ झाला. एकाला प्रतिष्ठा मिळाली आणि दुसऱ्याला गावंढळपणाचा शिक्का, याचे कारण व्याकरणात सापडत नाही. राजधानी कोठे होती, छापखाना कोणाच्या हाती होता आणि जबाब कोण लिहून घेत होता, यात ते सापडते.

त्या शेतकऱ्याला दंड झाला नाही. परंतु म्हातारा चपराशी त्या दिवशी रजेवर असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. तेव्हापासून बोलीतील जबाब माझ्यासमोर आला, की तो सांगणाऱ्याला वाचून दाखवल्यावाचून मी त्यावर सही करीत नाही, आणि एक साधा प्रश्न विचारतो: “बाबा, आधी काय झाले आणि मग काय?” या प्रश्नाला व्याकरण लागत नाही. समोरचा मनुष्य चुकीचे बोलतो आहे, असे धरून चालण्यापूर्वी आपल्यालाच ऐकता येत नसेल, एवढी शंका मनात यावी लागते.